चित्राआधी भिंत बघा

फोंड्याच्या एका शिक्षिकेने विचारलं आहे: पणजीत रेनेसाँ काळातल्या इटालियन भित्तिचित्रांच्या प्रतिकृतींचं फिरतं प्रदर्शन आलंय. बहुतेक चित्रं मायकेलअँजेलोने रोममध्ये, व्हॅटिकनच्या सिस्टिन चॅपेलच्या छतावर काढलेली आहेत, कापडावर मोठ्या आकारात छापलेली. आठवी-नववीच्या तीस मुलांना न्यावं का? छापील चित्रं बघण्यात अर्थ आहे का? नग्न आकृत्यांचं काय करायचं? आणि तिथे गेल्यावर मुलांना नेमकं दाखवायचं काय?

बाई, जरूर न्या. मी गेली २६ वर्षं गोव्यातल्या आणि तळकोकणातल्या जुन्या भिंतींचे गिलावे आणि त्यांवरची चित्रं वाचवण्याचं काम करतोय, त्यामुळे उत्तर थोडं लांबेल. सिस्टिन चॅपेलचं छत जमिनीपासून सुमारे २० मीटर उंच आहे, म्हणजे सहा-सात मजली इमारतीएवढं. खाली माणसांची दाटी, मान वर करून उभं राहायचं, फोटो काढायला मनाई. रोमला जाऊन आलेल्या माणसालाही आदमच्या चित्रातून गेलेल्या गिलाव्याच्या भेगा नीट दिसलेल्या नसतात. तुमच्या मुलांना त्या पणजीत हातभर अंतरावरून दिसतील.

फक्त जाण्याआधी वर्गात एक प्रयोग करा. चुन्याच्या निवळीत नळीने फुंकर मारायची. निवळी दुधाळ होते हे मुलांना पुस्तकातून माहीत असतं, पण ती समोर होताना बघू दे. उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड चुन्याला भेटतो आणि पुन्हा दगड तयार होतो. मुलांना सांगा, ज्या छताची चित्रं आपण बघायला जाणार आहोत, ते छत या एका फुंकरीवर टिकलंय.

त्या छतावरच्या चित्रांच्या पद्धतीला फ्रेस्को म्हणतात, म्हणजे इटालियनमध्ये ताजं. चुनखडी किंवा शिंपले भाजले की कळीचा चुना मिळतो, तो पाण्यात विरवला की लोण्यासारखा मऊ चुना. त्यात वाळू मिसळून गिलावा करायचा. रोममध्ये वाळूऐवजी ज्वालामुखीची राख वापरत, तिला पोत्सोलाना म्हणतात. गिलावा ओला असताना त्यावर नुसत्या पाण्यात कालवलेला रंग लावायचा. गोंद नाही, तेल नाही, अंडं नाही. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत सुकत जातो आणि वर दगडाची पातळ साय धरते. रंगाचे कण त्या सायीत अडकतात. चित्र भिंतीवर काढलेलं राहत नाही, भिंतीचाच भाग होतं. म्हणून पाचशे वर्षांनंतरही ते तिथे आहे.

चुन्यात प्रत्येक रंग टिकत नाही, हेही मुलांना पटकन कळेल. हळदीला चुना लागला की लाल होते, हे आपल्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. चित्रकाराची अडचण तीच. म्हणून फ्रेस्कोत मुख्यतः मातीचे रंग येतात: गेरू, पिवडी, हिरवी माती, कोळशाचा काळा. महागडा निळा अनेकदा गिलावा सुकल्यावर गोंदाने किंवा तत्सम चिकट द्रव्याने वर लावत, आणि म्हणून जुन्या चित्रांत तोच आधी झडलेला दिसतो.

आता प्रदर्शनात काय शोधायचं ते. ओल्या गिलाव्यावर काम करायला साधारण एक दिवस मिळतो. म्हणून गवंडी सकाळी तेवढाच तुकडा लावायचा, जेवढा चित्रकार संध्याकाळपर्यंत रंगवू शकेल. त्या तुकड्याला जोर्नाता म्हणतात, म्हणजे दिवसाचं काम. संध्याकाळी उरलेला कोरा गिलावा करणीने तिरका कापून काढायचा, दुसऱ्या दिवशी नवा तुकडा त्याला भिडवायचा. तो सांधा कितीही सफाईने केला तरी राहतो. मोठ्या छपाईत तो केसासारख्या बारीक रेषेने दिसतो, बहुतेकदा आकृतीच्या कडेने, मानेभोवती, खांद्याभोवती. कारण हुशार कारागीर सांधा बाह्यरेषेत लपवतो.

‘आदमची निर्मिती’ हे चित्र सुमारे पावणेसहा मीटर रुंद आणि २.८ मीटर उंच आहे. ते साधारण १६ दिवसांत झालं. आणि वेदीच्या बाजूचं ‘प्रकाश आणि अंधार वेगळे करणारा देव’ एका दिवसात. एका दिवसात! मुलांना त्या दोन चित्रांसमोर उभं करा आणि सांधे मोजायला सांगा. बरोबर मोजले की नाही याला महत्त्व नाही. सांधा शोधणारा मुलगा चित्राकडे दहा मिनिटं बघतो, एरवी तो दहा सेकंदांत पुढे गेला असता.

दुसरी खूण ठिपक्यांची. छतावर चित्र सहसा थेट काढत नसत. आधी कागदावर पूर्ण आकारात काढायचं, रेषेवर सुईने भोकं पाडायची, कागद ओल्या गिलाव्याला लावून वर कोळशाच्या पुडीची पुरचुंडी आपटायची. आपल्याकडे भरतकामाचा नमुना कापडावर असाच उतरवतात, टोचलेला ट्रेसिंग पेपर आणि रॉकेलमध्ये कालवलेली नीळ घेऊन. तुमच्या वर्गातल्या एखाद्या मुलीच्या आजीने हे नक्की केलं असणार. मायकेलअँजेलोने पुढे बऱ्याच ठिकाणी ठिपक्यांऐवजी कागदावरूनच टोकदार हत्याराने दाबून ओल्या गिलाव्यात रेघ उमटवली. ते काम जास्त झपाट्याने होतं. चांगल्या छपाईत चेहऱ्यांच्या आणि बोटांच्या कडेला कुठे ठिपके, कुठे खाच दिसते.

आता सगळ्यात महत्त्वाची सूचना: प्रदर्शन उलट्या दिशेने बघा. अशा प्रदर्शनांत चित्रं सहसा बायबलच्या क्रमाने लावतात, जगाच्या निर्मितीपासून नोहापर्यंत. मायकेलअँजेलोने रंगवली ती उलट क्रमाने. त्याने १५०८ मध्ये दाराच्या बाजूने, नोहाच्या कथेपासून सुरुवात केली आणि १५१२ मध्ये वेदीच्या टोकाला संपवलं. तेव्हा आधी ‘जलप्रलया’समोर जा. किती माणसं, किती गर्दी, आकृत्या किती लहान. काम करताना तो परांचीवर चित्राच्या जवळ असे, खालून कसं दिसतंय हे त्याला बघता येत नव्हतं. १५११ मध्ये परांची हलवली, छताचा अर्धा भाग उघडा झाला आणि तेव्हा त्याला ते जमिनीवरून दिसलं. त्यानंतरच्या चित्रांत माणसं कमी होत जातात, आकृत्या मोठ्या होत जातात, हात सुटा होतो. एक माणूस चार वर्षांत स्वतःची चूक ओळखून सुधारताना दिसतो. माझ्या मते या छतावर यापेक्षा मोठी गोष्ट शिकण्यासारखी नाही, आणि पणजीत ती रोमपेक्षा सोपी दिसेल, कारण इथे तुम्ही एका चित्रासमोरून दुसऱ्यासमोर चालत जाऊ शकता. (त्याने पडून चित्रं काढली ही समजूत चुकीची आहे. तो उभा राहून, मान मागे टाकून काम करत होता. या त्रासाबद्दल त्याने एक कविता लिहिली आणि शेजारी स्वतःचं रेखाटनही काढून ठेवलं.)

‘जलप्रलया’जवळ आणखी एक गोष्ट सांगा, गोव्याच्या मुलांना ती लगेच समजेल. सुरुवातीच्या त्या भागावर बुरशी आली. काम इतकं बिघडलं की मायकेलअँजेलो पोपला म्हणाला, हे माझं काम नव्हे. तो स्वतःला मूर्तिकार मानत होता. मग जुलियानो दा सांगालो या वास्तुकाराने येऊन बघितलं आणि सांगितलं, गिलाव्यात पाणी जास्त झालंय. मिश्रण बदललं, काम पुढे चालू झालं. जून ते सप्टेंबर इथल्या भिंतींवर काळे डाग बघत मोठं झालेल्या मुलाला मायकेलअँजेलो तिथे एकदम जवळचा वाटेल.

प्रतिकृतीत काय हरवतं तेही सांगायला हवं. पहिलं म्हणजे वळण. वेदीच्या वर योना संदेष्टा बसलेला आहे. तिथली भिंत वरून आपल्या दिशेने पुढे झुकत येते, आणि योना मात्र मागे रेललेला दिसतो. पुढे येणाऱ्या भिंतीवर मागे जाणारं शरीर! त्या काळच्या लोकांनाही याचं सर्वात जास्त नवल वाटलं होतं. सपाट कापडावर यातलं काहीच उरत नाही. निदान एवढं करा, योनासमोर मुलांना जमिनीवर बसवा आणि वर बघायला सांगा. डोळ्यासमोर टांगलेली चित्रं बेढब वाटतात, कारण ती खालून बघण्यासाठी रचलेली आहेत. बसलं की पाय, गुडघे, मान जागच्या जागी येतात.

दुसरं हरवतं ते पृष्ठ. चुन्याच्या पांढऱ्याला आतून उजेड असतो, तो शाईला जमत नाही. छपाईत गडद भाग जास्त काळे आणि लाल जास्त भडक येतात, वर दिव्याचा झोत पडला तर कापड चमकतं. थोडं बाजूला सरकून तिरकं बघा. रंगांच्या बाबतीत एक गोष्ट मात्र प्रतिकृतीतही कळते. भविष्यवादिनींच्या आणि येशूच्या पूर्वजांच्या कपड्यांत सावलीकडे रंग गडद होत नाही, तो बदलतो: उजेडात पिवळा, सावलीत हिरवा किंवा गुलाबी. धूपछाव रेशमासारखा. मेणबत्त्यांची काजळी आणि जुन्या डागडुजीतल्या सरसाच्या थरांखाली हे शतकानुशतकं झाकलेलं होतं. १९८० ते १९९४ या काळात छत आणि वेदीमागच्या भिंतीवरचं ‘अंतिम न्याय’ हे चित्र साफ केलं तेव्हा ते बाहेर आलं. आमच्या धंद्यात त्या सफाईवर बराच वाद झाला. काहींच्या मते सुकल्यावर वर दिलेला चित्रकाराचा शेवटचा हातही त्यात गेला. मला विचाराल तर बहुतांश छताच्या बाबतीत सफाई बरोबर होती. काही डोळ्यांची बुबुळं आणि गडद सावल्या बघताना मात्र मलाही शंका येते.

नग्नतेबद्दल थोडक्यात. आठवीची मुलं हसतील, हसू द्या. मग त्यांना खरं काय घडलं ते सांगा. ‘अंतिम न्याय’ हे वेदीमागच्या भिंतीवरचं चित्र मायकेलअँजेलोने १५३६ ते १५४१ मध्ये काढलं. त्यावर तेव्हाच गदारोळ झाला. १५६४ मध्ये झाकण्याचा निर्णय झाला आणि दानिएले दा वोल्तेर्रा या त्याच्याच ओळखीच्या चित्रकाराने आकृत्यांना वस्त्रं रंगवली. लोकांनी त्याला ‘चड्डीवाला’ असं नाव पाडलं. अलीकडच्या सफाईत त्यातली काही वस्त्रं इतिहासाचा भाग म्हणून ठेवली आणि काही नंतरची काढली. हे सांगितलं की मुलांचा प्रश्न ‘हे असं का काढलं’ यावरून ‘कुणी का झाकलं’ यावर जातो, आणि त्यावर वर्गात चांगली चर्चा होते.

प्रदर्शनात राफाएलचं ‘स्कूल ऑफ अथेन्स’ असेल तर पुढच्या पायऱ्यांवर गालाला हात लावून बसलेला, बूट घातलेला माणूस शोधा. त्या चित्राचा पूर्ण आकारातला कागद मिलानच्या आम्ब्रोसियाना संग्रहात आजही आहे, आणि त्यात हा माणूस नाही. तो नंतर घातला, त्याच्यापुरता जुना गिलावा काढून नवा तुकडा लावून. छत बघून आल्यावर राफाएलने मायकेलअँजेलोचीच छबी तिथे बसवली असं मानतात. म्हणजे गिलाव्याचा एक सांधा दोन चित्रकारांमधली गोष्ट सांगतो.

लिओनार्दोचं ‘शेवटचं भोजन’ शेजारी टांगलं असेल तर मुलांना सांगा की हा फ्रेस्को नाही. लिओनार्दोला दिवसाच्या तुकड्यांची घाई नको होती, म्हणून त्याने सुक्या भिंतीवर तेल आणि अंड्याच्या रंगांत काम केलं. ते १४९८ च्या सुमारास पूर्ण झालं आणि काही दशकांतच सुटायला लागलं. १६५२ मध्ये खालून दरवाजा फोडला त्यात येशूचे पायही गेले. ते पाय कसे होते हे आज आपल्याला कळतं ते एका नकलेवरून, लिओनार्दोच्या शिष्यांपैकी जांपिएत्रिनोने १५२० च्या आसपास केलेल्या.

इथे तुमच्या ‘छापील बघण्यात अर्थ आहे का’ या प्रश्नाकडे परत येतो. आपल्याकडचं उदाहरण अजिंठ्याचं. रॉबर्ट गिल या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याने वर्षानुवर्षं तिथे बसून नकला केल्या, त्यातल्या बहुतेक १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. मग १८७२ पासून मुंबईच्या कला शाळेतले शिक्षक जॉन ग्रिफिथ्स आणि तिथले विद्यार्थी, आपलीच मुलं, कित्येक हिवाळे अजिंठ्यात राबले. त्यांच्याही अनेक नकला १८८५ मध्ये लंडनला आगीत गेल्या. ज्या वाचल्या त्या आज अभ्यासकांच्या हातात आहेत, कारण लेण्यातला काही भाग मधल्या काळात गळून गेलाय. १९२० च्या सुमारास इटलीहून आलेल्या तज्ज्ञांनी अजिंठ्याची पडझड थांबवली, पण वर लाखेचं व्हार्निश दिलं, ते पुढे पिवळं पडलं आणि काढता काढता पुढच्या पिढ्या थकल्या. (अजिंठाही फ्रेस्को नव्हे. मातीच्या सुक्या गिलाव्यावर चिकट द्रव्यात कालवलेले रंग आहेत ते.) नकलेचं काम मी कधीच हलकं मानलेलं नाही. भिंत मरते तेव्हा तीच साक्ष देते.

प्रदर्शनानंतर काय, हे तुम्ही विचारलेलं नाही, तरी सांगतो, कारण गोव्यात राहून फक्त छापील बघून घरी जाणं मला सहन होणार नाही.

मायकेलअँजेलो परांचीवर होता त्याच काळात, १५१० मध्ये, पोर्तुगीजांनी गोवा घेतला. त्यांच्या आधीपासून आणि नंतरही आपल्या गवंड्यांचा चुना होताच, खाडीतल्या शिंपल्या भाजून केलेला. त्याच चुन्याने आपली कावी कला झाली. गुळाचं पाणी घातलेला गुळगुळीत पांढरा गिलावा, त्यावर हुरमुंजाचा (लाल मातीचा) थर, आणि तो ओला असतानाच टोकदार हत्याराने खरवडून खालचा पांढरा उघडा करायचा. पेडण्यात मोरजीला मोरजाईच्या देवळात, डिचोलीत अडवलपालला शांतादुर्गेच्या देवळात ही कावी बघायला मिळते. रसायन तेच, घाईही तीच: थर सुकला की खेळ संपला. सिस्टिनचे सांधे शोधून आलेल्या मुलाला मोरजीच्या भिंतीसमोर उभं करा, तो स्वतःच विचारेल, हे किती दिवसांत केलं असेल?

माझ्या कामातली एक जखम इथे सांगतो. एका लहान देवळात कावीचा पट्टा होता, हत्ती, वेली, एक मोर. ओल येते म्हणून खालच्या तीन फुटांना कुणीतरी सिमेंट मारलं आणि वर प्लास्टिक रंग. हेतू चांगलाच होता. चुन्याची भिंत श्वास घेते, चिऱ्यातलं पाणी तिच्यातून बाहेर पडतं. सिमेंटने ती वाट बंद झाली, पाणी वर चढलं, लोणा, म्हणजे पाण्याबरोबर आलेला खार, कावीच्या मागे जाऊन बसला. मला बोलावलं तेव्हा दुसरा पावसाळा संपला होता. भिंतीवर बोटाच्या पेराने टकटक केलं की जिवंत गिलावा भरीव वाजतो, सुटलेला पोकळ. मी मोरापासून हत्तीपर्यंत टकटक करत गेलो, सगळं पोकळ. हत्ती वाचला. मोर हातात आला.

जुन्या गोव्याला जाल तर बॉम जेझस बासिलिकेच्या बाहेर थांबून लाल चिरे बघा. ते असे उघडे नव्हते. चुन्याचा गिलावा १९५० च्या दशकात काढला गेला, आणि तेव्हापासून पाऊस थेट चिऱ्यावर पडतोय. मुलांना पृष्ठभाग दाखवा, हात लावू नका म्हणावं. आत सेंट फ्रान्सिस झेवियरच्या शवपेटीखालची संगमरवरी समाधी बघा. ती फ्लॉरेन्सच्या फोज्जिनी या मूर्तिकाराची, तिथल्याच सत्ताधारी मेदिची घराण्याच्या तिसऱ्या कोसिमोने पाठवलेली, १६९८ मध्ये गोव्यात पोचली. मायकेलअँजेलोनंतर सुमारे एकशेतीस वर्षांनी घडलेली, पण त्याच शहराच्या हातची. कदंबाच्या बसने जाता येईल इतक्या जवळ, अस्सल.

शेवटी वर्गात एक करून बघा. मंगळुरी कौलाचे चार-पाच तुकडे घ्या, रात्रभर पाण्यात भिजवा. एक भाग विरवलेला मऊ चुना, दोन भाग धुतलेली नदीची बारीक वाळू, किनाऱ्यावरची नको, तिच्यात मीठ असतं. चुना तुम्ही स्वतः कालवा, हातमोजे आणि चष्मा घालून, डोळ्यात गेला तर फार वाईट. अर्धा सेंटिमीटर जाड थर द्या. गेरू, पिवडी आणि कोळशाची पूड नुसत्या पाण्यात कालवा. पहिला पट्टा तासाभराने मारा, दुसरा दुपारी, तिसरा शाळा सुटताना, चौथा दुसऱ्या दिवशी, पाचवा तिसऱ्या दिवशी. प्रत्येकाखाली वेळ लिहा. पंधरा दिवस सावलीत ठेवा, मधून मधून पाणी शिंपडा. मग ओल्या कापसाने एकेक पट्टा पुसायला सांगा. शेवटचा पट्टा कापसावर येईल. पहिला येणार नाही, कितीही घासला तरी.